रानातल्या मुक्कामाचे एकवीस नियम

नियम करायची मला भारी हौस. आजही माठावरचं झाकण कुणी कसं ठेवावं यावर मी दोन वाक्यं बोललो की सूनबाई म्हणतात, "मामंजी, लिहून भिंतीला लावा." त्या चेष्टेनं म्हणतात, मी खरंच लावलं असतं. जित्याची खोड आहे, मेल्याशिवाय जायची नाही. पण या खोडीपायी एकदा एका आईचं एकुलतं एक पोर माझ्या हातून कायमचं जायच्या बेतात आलं होतं. इतकी वर्षं मी ते कुणाला धड सांगितलं नाही. आता सांगतो.

गोष्ट एकोणीसशे तीसच्या आसपासची. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा. पुण्याच्या पेठेत वाढलेला, आणि चौलच्या बाजूला खाडीकाठच्या एका शाळेत चित्रकला आणि कवायत शिकवायला आलेला. कोकणात अगदी नवा. इथं माड असतात आणि पाऊस फार पडतो, एवढंच मला कोकणाबद्दल ठाऊक. पण आपल्याला सगळं कळतं हा भ्रम मात्र पक्का. त्या सुमारास मुलांना रानात न्यायचं, तंबूत राहायला लावायचं, स्वतःच्या हातानं रांधायला लावायचं, झाडं-पाखरं ओळखायला शिकवायचं, अशी एक टूम शाळाशाळांतून निघाली होती. मी कुठल्याशा मासिकात तिच्याबद्दल वाचलं आणि हेडमास्तरांच्या मागं लागलो. चार महिने ते नाही म्हणाले. मग कंटाळून म्हणाले, "न्या. पण एका पोराच्या अंगावर ओरखडा उठला, तर मी तुम्हाला ओळखत नाही."

रान तसं लांब नव्हतं. गावाखालची खाडी तरीतून, म्हणजे उतारूंच्या होडीतून, ओलांडली की पलीकडं संस्थानची हद्द लागायची, आणि किनाऱ्यापासून दोन-अडीच कोस आत गेलं की डोंगर सुरू. साग, ऐन, किंजळ, आणि खाली करवंदीच्या जाळ्या. भेकरं, रानडुकरं होती, बिबट्याही होता. परवान्यासाठी मला संस्थानच्या कचेरीत तीन फेऱ्या माराव्या लागल्या. तिथल्या कारकुनाला मुलांनी रानात जाऊन करायचं काय हेच कळेना. "शिकार?" नाही. "लाकूड?" नाही. "मग कशाला जाता?" मी म्हटलं, "बघायला." त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मला माझीच शंका आली. पण शेवटी शिक्का मारला. नाताळच्या सुट्टीत सहा दिवस, चौदा मुलं, आणि मी एकटा मास्तर.

परवाना हातात आला त्या रविवारी मी नियम लिहायला बसलो. एका बैठकीत सोळा झाले. चहा पिऊन पुन्हा बसलो तर आणखी पाच सुचले. त्यातले बरेच चांगले होते, हे मी आजही म्हणतो. पाणी चौपदरी फडक्यातून गाळून, उकळून, मग त्यात लाल औषधाचा दाणा टाकून प्यावं. अंथरूण घालायच्या आधी जमीन काठीनं झोडून पाहावी. घोंगडी झटकल्याशिवाय अंगावर ओढू नये, कारण विंचवालाही ऊब आवडते. साप दिसला तर जागच्या जागी थांबावं, त्याची वाट त्याला जाऊ द्यावी. ओलं लाकूड तोडू नये, पडलेलं वेचावं. चूल विझवताना पाणी घालून वर माती लोटावी आणि मग हात लावून बघावा. पाचवा नियम होता, रानात ओरडू नये, कारण ते जनावरांचं घर आहे. आठवा जोडीदाराचा. प्रत्येक मुलाला एक जोडीदार. दोघांनी मिळून जावं-यावं, आणि एक आजारी पडला तर दुसऱ्यानं त्याची सेवा करावी. अकरावा शिट्टीचा: एक लांब शिट्टी वाजली की हातातलं टाकून माझ्याकडं धावत यायचं.

आणि अठरावा. भुताखेतांच्या गोष्टी सांगू नयेत, ऐकू नयेत, त्याबद्दल बोलूही नये. या नियमाचा मला विशेष अभिमान होता. त्याच्याखाली मी दोन रेघा ओढल्या होत्या.

कागद वर्गात वाचून दाखवला आणि म्हटलं, घरी जाऊन सांगा. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या पायरीशी एक कोळीण उभी. मासळी विकून आलेली, कमरेवर रिकामी पाटी. तिचा मुलगा इंग्रजी दुसरीत होता, बारा वर्षांचा. शांत पोर. वर्गात त्याचा आवाज महिन्यातून एकदा ऐकू यायचा, पण हातात पेन्सिल दिली की मासेमारीच्या मचव्याची एक दोरी चुकायची नाही. मास्तरानं आवडतं-नावडतं करू नये म्हणतात. म्हणोत. मला तो आवडायचा.

"मास्तर," ती म्हणाली, "माझ्या पोराच्या पायात वहाणा न्हाईत. तुमच्या कागदात हायेत म्हनं. म्हंजे त्याला न्यायचा न्हाय काय?"

मी म्हटलं, "वहाणांचं बघू. पण तुमची हरकत नाही ना?"

ती थोडा वेळ पाटीच्या काठाशी चाळा करत उभी राहिली. मग म्हणाली, "त्याचा बाप दोन वर्सांमागं मचव्यावर गेला, तो आला न्हाय. मचवा बी आला न्हाय. ह्यो माझा एकटाच हाय. त्याला दर्यावर धाडायचा न्हाय, म्हून साळंत घातलाय. रान कोरडं हाय, मास्तर. रानात बुडायचं भ्या न्हाय. जाऊ दे म्हटलं, चार दीस हसंल तरी."

मी छाती काढून म्हटलं, "बाई, जसा नेतो, तसाच आणून तुमच्या हातात देईन."

"सबूद?"

"शब्द."

तिच्यादेखत मी कागदावर वहाणांच्या नियमापुढं "असल्यास" असा शब्द घातला. माझ्या आयुष्यात मी स्वतःहून सैल केलेला तो पहिला नियम. ती हसली नाही, पण पाटी डोक्यावर घेऊन गेली ती भरभर चालत गेली.

निघालो त्या दिवशी खाडीतच पहिला अपशकुन झाला, असं मुलं म्हणाली. तरीत बसल्यावर तोल कसा सांभाळावा, हे मी उभं राहून, वाकून दाखवत होतो. गळ्यातल्या शिट्टीची दोरी तुटली आणि शिट्टी डुब्बकन पाण्यात. हात दाखवून अवलक्षण ते हेच. मुलं खो खो हसली. मीही हसलो असतो तर काय बिघडलं असतं? पण नाही. मी चिडलो, आणि पलीकडच्या काठावर उतरताच सगळ्यांना रांगेत उभं करून अकरावा नियम नव्यानं घातला. कुणी दिसेनासं झालं तर नावानं दोन हाका माराव्यात. मग तोंड मिटून, मनातल्या मनात शंभर मोजेपर्यंत कान द्यावा. ओ आली नाही तर शंभर पावलं पुढं जाऊन पुन्हा दोन हाका. माणूस नुसता ओरडत सुटला तर त्याला दुसऱ्याचा आवाज ऐकू येत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितलं. तर्क बिनचूक होता. आजही त्यात मला खोट दिसत नाही.

रानाच्या तोंडाशी एक म्हातारा कातकरी आमचा वाटाड्या म्हणून येऊन मिळाला. सत्तरीचा असेल. मी त्याला अरेतुरे करत होतो. तेव्हा तशीच रीत होती, आज आठवलं की कान गरम होतात. त्यानं आम्हाला झऱ्याजवळची सपाट जागा दाखवली, तंबूच्या खुंट्या वाऱ्याकडं बघून ठोकायला लावल्या, आणि माझ्या सहाव्या की सातव्या नियमाला मान डोलावली. मला वाटलं, म्हातारा शहाणा आहे.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी भात चुलीवर होता आणि मुलं त्याच्याभोवती बसली होती. तो आपला सहज सांगायला लागला, "पोरांनो, रानात कोनी नाव घेऊन हाक मारली, तर लगीच ओ देऊ नका. आधी..."

"बस!" मी असा ओरडलो की पाचव्या नियमाचा मीच भुगा केला. "अठरावा नियम काय आहे? सांगा सगळ्यांनी." चौदा तोंडांनी अठरावा नियम म्हटला. मी एवढ्यावर थांबलो नाही. प्रत्येकाकडून छातीवर हात ठेवून वचन घेतलं की या सहा दिवसांत असली भाकडकथा जिभेवर आणणार नाही. म्हातारा "बरं मास्तर" म्हणाला आणि चुलीतलं लाकूड आत सारू लागला. मुलं माना खाली घालून बसली. मला वाटलं, पटलं त्यांना. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मी.

पुढचे दोन दिवस मात्र असे गेले की त्यांच्यासाठी मी आणखी दहा वेळा त्या कारकुनाच्या फेऱ्या मारल्या असत्या. भात तळाला करपला, वर कच्चा राहिला. मुलांनी मधला खाल्ला आणि म्हणाली, झकास झालाय. चिखलात उमटलेली भेकराची पावलं आम्ही वहीत उतरवून घेतली. शेकरू दिसलं. ते एका ऐनावरून दुसऱ्यावर झेपावलं तेव्हा चौदाच्या चौदा मुलांनी एकदम श्वास रोखला, तो मला अजून ऐकू येतो. ते कोळ्याचं पोर तर पाठीवर उताणं पडून तासभर त्या शेकराचं चित्र काढत होतं. मुंग्या चावत होत्या तरी हाललं नाही. चित्र पुरं झाल्यावर मला दाखवायला आणलं आणि आपण होऊन म्हणालं, "मास्तर, आयला दाखवीन." महिन्याचं बोलणं त्यानं त्या दोन दिवसांत बोलून घेतलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

चौथ्या दिवशी सकाळी तांदूळ संपत आले म्हणून मी वाटाड्याला खालच्या वाडीवर धाडलं. त्या कोळ्याच्या पोराच्या जोडीदारानं आदल्या दिवशी ढीगभर आवळे खाल्ले होते; त्याच्या पोटात मुरडा सुरू झाला. नियमाप्रमाणे जोडीदार त्याच्याजवळ बसला, आणि बाकीच्यांना घेऊन मी झऱ्याच्या वरच्या अंगाला, झाडाची उंची सावलीवरून कशी मोजावी ते शिकवायला गेलो. बाराच्या सुमाराला परत आलो तर आजारी पोर तंबूत गाढ झोपलेलं, आणि दुसऱ्याचा पत्ता नाही.

झोपलेल्याला उठवलं. ते डोळे चोळत म्हणालं, "कुड्याचं मूळ आणतो म्हणाला. त्याची आई पोटदुखीवर देते. कधी गेला ते कळलं नाही."

कुड्याचं झाड कुठं आहे हे मला ठाऊक नव्हतं. रानात एकटा, अनवाणी, बारा वर्षांचा.

दोन मोठ्या मुलांना आजाऱ्यापाशी ठेवलं, बाकीची दहा मुलं सोबत घेतली. हाक फक्त मी मारणार, तुम्ही गप्प राहून कान द्यायचा, असं बजावलं. माझा आवाज कवायतीचा. मैदानाच्या टोकाचं पोर एका हाकेला ताठ व्हायचं. त्याचं नाव घेऊन मी दोन हाका मारल्या. शंभर आकडे मोजले. पाखरांशिवाय काही नाही. शंभर पावलं पुढं, पुन्हा दोन हाका. झऱ्याच्या खाली गेलो, वर गेलो, डाव्या अंगाच्या टेकाडावर चढलो. एक कोरडा ओहळ होता, करवंदीनं तोंडापर्यंत भरलेला. त्याच्या काठानं जाताना दोन हाका मारल्या. परत येताना आणखी दोन.

सुरुवातीला मी रागात होतो. सापडू दे, आधी एक कानाखाली देतो, मग बोलतो, असं मनात चाललेलं. तासाभरानं राग आटला. सापडू दे, एक शब्द बोलणार नाही. दोन तासांनी देवाशी सौदे सुरू झाले. मी एरवी देवाला जाणारा माणूस नव्हे, पण त्या दुपारी मी काय काय कबूल केलं ते आता सांगायची लाज वाटते. आणि प्रत्येक शंभर मोजताना मला ती पाटीच्या काठाशी चाळा करणारी बाई दिसायची. रान कोरडं हाय म्हणाली होती. समुद्रानं नवरा नेला, आणि उरलेलं पोर मी रानात घालवलं, असं तिला जाऊन कुठल्या तोंडानं सांगू? सांगायला तरी परत जाऊ की नको, इथवर माझं मन गेलं होतं.

सावल्या लांबायला लागल्या. चार तरी वाजले असावेत. तास-दीड तासात उजेड जाणार. मुलं दमली होती, आणि मघापासून माझी पाठ वळली की एकमेकांकडं बघून डोळ्यांनी काहीतरी बोलत होती. मी खेकसलो, "काय आहे? काय बघताय?"

मग सगळ्यांत धाकटा, दहा वर्षांचा, आमच्या शाळेच्या शिपायाचा मुलगा, पुढं आला आणि माझ्या सदऱ्याचं टोक धरून म्हणाला, "मास्तर, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"तुम्ही तिसरी हाक का मारत नाही?"

"नियम दोनचा आहे म्हणून."

"हो, पण..." त्यानं मागं वळून बाकीच्यांकडं पाहिलं. "पण सांगता येत नाही."

"का सांगता येत नाही?"

"अठरावा नियम आहे."

मी खाली बसलो, त्याच्या तोंडाशी तोंड आणलं. "अठरावा नियम गेला खड्ड्यात. बोल बाळा."

तो घडाघडा बोलला. "मास्तर, आमच्याकडं रानात नाहीतर खाडीवर कुणी नावानं हाक मारली तर पहिल्या दोन हाकांना ओ देत नाहीत. ते जे असतं ना, ते आपल्या ओळखीच्या माणसाचा आवाज काढतं. पण त्याला दोनदाच हाक मारता येते. तिसरी मारली तर समजायचं, माणूस आहे. मग ओ द्यायची. तुम्ही दोन मारता आणि गप्प बसता. मग पुढं जाऊन मारता ती पुन्हा पहिलीच होते."

"तुम्हा सगळ्यांना हे ठाऊक होतं?"

सगळ्या माना हलल्या.

"मग दुपारपासून तोंड शिवलं होतं काय रे तुमचं?"

बोलून गेलो, आणि माझं मलाच कळलं. तोंडं मीच शिवली होती, छातीवर हात ठेवायला लावून. बिचारी पोरं. मित्र हरवलाय, उपाय ठाऊक आहे, आणि मास्तराला दिलेलं वचन मोडायचं नाही म्हणून चार तास माझ्यामागून गुपचूप चालत होती. त्यांना आज्ञाधारक मीच केलं होतं.

मी धावतच त्या ओहळाच्या काठाशी गेलो. का तिथंच, ते सांगता येत नाही. जवळ होता म्हणून असेल. पहिली हाक मारली. दुसरी मारली. आणि न थांबता तिसरी. ती तिसरी हाक कवायतीच्या आवाजात आली नाही. ती फाटली.

"ओ, मास्तर!"

लांबून नव्हे हो. माझ्या पायाखालून, पंधरा हातांवरून. करवंदीच्या आडून.

मी कसा उतरलो ते मला आठवत नाही. अंगावर ओरखडे कुठं कुठं उठले ते रात्री मोजले. खाली दोन धोंड्यांच्या मध्ये ते पोर बसलं होतं. एक घोटा सुजून टम्म झालेला, ओठ सुकलेले, आणि मुठीत कुड्याचं मूळ घट्ट धरलेलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, पण लगेच पुढं झालं नाही.

"मास्तर, तुम्हीच ना?"

"मीच रे बाबा."

"हात लावू?"

मी हात पुढं केला. त्यानं एका बोटानं माझ्या मनगटाला शिवून पाहिलं, आणि मग मात्र माझ्या गळ्याला अशी मिठी मारली की मला श्वास घेता येईना. मला घ्यायचाही नव्हता. मी रडलो. मुलं वरून बघत होती, बघू देत.

जरा सावरल्यावर विचारलं, "माझ्या हाका ऐकू येत होत्या तुला?"

"सगळ्या. पण दोनदाच यायच्या. अगदी तुमच्यासारख्याच यायच्या, म्हणून जास्तच भ्यालो."

"मग तू का नाही रे हाक मारलीस?"

तो गोंधळून माझ्याकडं बघत म्हणाला, "रानात ओरडू नये. पाचवा."

मी त्याला पाठुंगळीला घेतलं आणि वर चढलो. अख्ख्या वाटेत त्यानं स्वतःच्या पायाबद्दल एक अक्षर काढलं नाही. एवढंच विचारलं, जोडीदाराचं पोट थांबलं का. त्याचा गरम श्वास माझ्या मानेवर लागत होता, आणि मला वाटत होतं तंबू आणखी थोडा लांब असता तर बरं झालं असतं.

वाटाड्या तोवर तांदूळ घेऊन आला होता. सगळं ऐकून त्यानं "मी म्हनलो नव्हतो?" असं एकदाही म्हटलं नाही. निर्गुडीचा पाला गरम करून पोराच्या घोट्याला बांधला, मूळ उगाळून आजाऱ्याला चाटवलं. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो आणि म्हटलं, "बाबा, माझं चुकलं." मी त्याला बाबा म्हणालो ते त्या दिवशी पहिल्यांदा. तो म्हणाला, "पाला सुकला का बदलायचा, मास्तर. इसरू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्काम मोडला. वाडीवरून बैलगाडी मिळवली, दुपारच्या भरतीला तरीची होडी गाठली. तरीत बसल्यापासून त्याच्या आईला काय सांगायचं ते मी मनात जुळवत होतो. पोर मात्र मजेत होतं. गुंडाळलेलं चित्र सदऱ्याच्या आत ठेवून पुन्हा पुन्हा चाचपत होतं. तिची मासळीची जागा बंदरावरच होती. माझ्या खांद्यावर पोराला पाहिलं आणि ती पाटी तिथंच टाकून पाण्यात शिरली, गुडघाभर.

मी काठावर उतरलो आणि कुणी काही विचारायच्या आधी सगळं बोलून टाकलं. ओहळ, हाका, अठरावा नियम, सगळं. म्हटलं, "बाई, जसा नेला तसा आणून देईन म्हणालो होतो. माझ्याच्यानं झालं नाही. दोन हाका मारून मी त्याच्या अंगावरून निघून जात होतो. तुम्ही काय बोलायचं ते बोला."

तिनं घोटा दाबून पाहिला. "मोडला?"

"नाही. मुरगळलाय."

मग तिनं पोराच्या केसांत हात घातला आणि तो तिथंच ठेवून म्हणाली, "तुमी कशाला चुकताव? त्याला मीच शिकवलंय. त्याचा बाप गेला, त्या साली ह्यो तिनीसांजंला उठून खाडीकडं पळायचा. बा बोलवतोय म्हनायचा. एकदा छातीभर पान्यात गेलेला. मी केसाला धरून बाहेर काढला, आनि तवा शिकवलं, दोन हाकांना ओ द्यायची न्हाय म्हून."

खोड कशी असते बघा. एवढं सगळं होऊनही माझ्या तोंडून निघालंच, "अहो बाई, असं काही नसतं. वारा असतो. आपल्याला वाटतं."

तिला राग आला नाही. उलट, माझीच समजूत घालावी तशी ती हळू आवाजात म्हणाली, "आसंल, मास्तर. पन मला बी येते त्याची हाक. अजून येते. दोनदाच येते, म्हून मी उठत न्हाय. उंबऱ्यावर बसून ऱ्हाते, आनि तिसरीची वाट बघते."

मी पोराला खांद्यावर घट्ट धरलं आणि तिच्या मागून तिच्या घराकडं चालू लागलो.